ग्रामपंचायतीला चूल नसते

आमच्या गावात सोमवार हा केराचा वार असतो. शनिवार-रविवारी लेणी आणि किल्ले बघायला आलेली मंडळी पुण्या-मुंबईला परत जातात आणि त्यांच्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या नि एखाद-दुसरी चप्पल आमच्याकडे मुक्कामाला राहते. एका पायातली चप्पल टाकून माणूस घरी कसा जातो, हे कोडं मला सरपंच झाल्यापासून सुटलेलं नाही. सोमवारी सकाळी मी बचत गटातल्या बायकांना घेऊन रस्त्यावर उतरते आणि दहा वाजेपर्यंत आम्ही स्टेशनच्या रस्त्यापासून गावाच्या कमानीपर्यंत झाडून काढतो.

जागा महिलांसाठी राखीव निघाली आणि घरातल्या पुरुषांनी माझं नाव पुढे केलं, तेव्हा त्यांचा बेत असा होता की सही मी करायची आणि बाकीचं सगळं ते बघतील. तो बेत महिनाभरही टिकला नाही, कारण मला गप्प बसता येत नाही. आता गावात कुणी चेष्टेनं माझ्या नवऱ्याला ‘काय सरपंच’ म्हटलं की तो म्हणतो, सरपंच घरात भाकऱ्या थापतायत, थांबा, हाक मारतो. गमतीत म्हणतो, पण भाकऱ्या मला सुटल्या नाहीत हेही खरंच.

मी सांगतेय तो आठवडा गेल्या वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरचा. त्या सोमवारी केर भरता भरता गटातल्या एका ताईचं लक्ष कामात नव्हतं. ही ताई ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहते, बंगल्यांवर साफसफाईची कामं करते आणि एरवी तिचा झाडू आमच्या सगळ्यांच्या पुढे असतो. त्या दिवशी ती एकाच जागी झाडत उभी होती. मी तिला बाजूला घेतलं.

तिची थोरली लेक तळेगावजवळच्या इंदुरीला दिलेली. पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला, म्हणून रीतीप्रमाणे माहेरी आलेली. पण आदल्या संध्याकाळी सासरहून निरोप आला होता की येत्या रविवारी येऊन तिला परत नेतो. कारण साकव. वस्तीला गावाशी जोडणारा ओढ्यावरचा छोटा पूल, आम्ही त्याला साकव म्हणतो, आदल्या पावसाळ्यात वाहून गेला होता. दगडी खांब तेवढे उरले. उन्हाळ्यात ओढ्यातून चालत जाता येतं, पण एकदा पाऊस धरला की वस्तीतल्या माणसाला रेल्वेच्या कडेनं चिखल तुडवत लांबचा वळसा घालावा लागतो, आणि गाडी तर दारात पोचतच नाही. भर पावसात सुनेच्या कळा सुरू झाल्या तर काय, हा सासूचा प्रश्न होता आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती.

“पयलं बाळंतपन माज्याकडं न्हाई झालं,” ताई म्हणाली, “तर तिला म्हायेर हाय कशाला, वयनी?”

मी तिला सांगितलं की रविवारच्या आत काहीतरी करते. काय करणार हे मला मुळीच ठाऊक नव्हतं.

मंगळवारी वडगावला पंचायत समितीत गेले. साकवाचा प्रस्ताव आम्ही दिवाळीतच पाठवला होता आणि तो पुढे सरकलाही होता. साहेबांनी चहा दिला, फाइल दाखवली आणि सांगितलं की मंजुरी आहे, निविदा व्हायची आहे, काम पावसाळ्यानंतर सुरू होईल. माणूस वाईट नव्हता. पण माझं डोकं तापलं. मी म्हटलं, साहेब, पावसाळ्यानंतर आम्ही चपला हातात घेऊन ओढा ओलांडतो, तेव्हा आम्हाला साकव लागत नाही. ते हसले. मला हसू आलं नाही.

परत येताना नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी सगळ्या जगाला शिव्या घालत होते, तेवढ्यात डोंगराच्या पायथ्याच्या एका बंगल्याच्या आवारात लोखंडी गर्डर पडलेले दिसले. हे पुण्याचे गृहस्थ मला दर आठवड्याला फोन करून कुत्री भुंकतात, देवळाचा भोंगा वाजतो, अशा तक्रारी ऐकवतात. मी गाडी थांबवायला लावली. म्हटलं, बघू या, आज आपण तक्रार ऐकवू. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बांधकामातले उरलेत, गंजतच होते, घेऊन जा. वर चालायला अंथरता येतील असे जाड लोखंडी पत्रेही दिले. माणसाबद्दल आपण किती पटकन मत करून बसतो, असं वाटून मी तिथेच जरा ओशाळले. शुक्रवारी त्यांचा कुत्र्यांबद्दल पुन्हा फोन आला, तेव्हा बरं वाटलं.

सामान मिळालं, आता माणसं हवी होती. आमच्या मावळात त्यासाठी जुनी रीत आहे, इर्जिक. कुणाची भाताची आवणी रखडली, कुणाच्या घरावर कौलं चढवायची असली की गावातली माणसं एक दिवस त्याच्याकडे जाऊन काम उरकून देतात. मजुरी कुणी देत नाही आणि मागत नाही. ज्याचं काम, त्याच्याकडे दुपारचं जेवण. आम्ही ठरवलं, गुरुवारी साकवाची इर्जिक घालायची. गुरुवारी तळेगाव-चाकणच्या कारखान्यांना सुट्टी असते, तरणी पोरं घरी सापडतात.

आमचे ग्रामसेवक, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं, ते संगणकाच्या कामात हुशार आहेत. त्यांनी बुधवारी एक झकास संदेश तयार केला. चारी कोपऱ्यांत गुलाबाची फुलं, मध्ये जोडलेले हात, खाली माझा फोटो आणि वर ‘ग्रामपंचायतीतर्फे भव्य इर्जिक’. तो गावाच्या ग्रुपवर गेला आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. ज्यांनी आयुष्यात कधी मला बरं म्हटलं नाही, त्यांचेही अंगठे आले. मी खुशीत स्टेशनजवळच्या गाडीवर वडापावची ऑर्डर देऊन टाकली.

गुरुवारी सकाळी ओढ्यावर कोण होतं? मी, माझा नवरा, भाऊसाहेब, तळेगावच्या कारखान्यात वेल्डर असलेला आमच्याच आळीतला एक जण, आणि वस्तीतली सगळी माणसं. गावातून दुसरं कुणी आलं नाही. गर्डर उचलायला गेलो तर एक टोक हललं आणि परत जागेवर बसलं. अकरा वाजेपर्यंत वाट बघितली. मग वडापाव खाल्ले. उरलेले वस्तीतल्या पोरांनी आणि कुत्र्यांनी खाल्ले, तरीही पाटी रिकामी होईना.

मी संतापले होते. घरी जाताना वाटेत आबांच्या ओट्यापाशी थांबले. आबा म्हणजे आमच्या भावकीतले सगळ्यांत वडीलधारे, नात्यानं माझे चुलत सासरे. गळ्यात तुळशीची माळ, आणि ग्रामसभेत माझ्या प्रत्येक ठरावाला विरोध ठरलेला. ओट्यावर बसून ते सुतळी वळत होते. मी पदर खोचून सुरू झाले. गावाला काही पडलेलं नाही, अंगठे दाखवायला सगळे पुढे, हात लावायला कुणी नाही, उद्या माझ्या दारात दाखल्याला या म्हणजे दाखवते. ताई उरलेल्या पावांची पाटी घेऊन माझ्या मागे अंगणात उभी होती.

आबांनी मला दमेपर्यंत बोलू दिलं. मग सुतळीवरची नजर न काढता म्हणाले, “मोबाइलवर कुनी इर्जिकीला बोलावतं व्हय, सूनबाई? घरधनी दारात येतो. म्हनतो, माज्याकडं इर्जिक हाय, हात लावायला या, जेवायला या. मग मानूस न्हाई म्हनत न्हाई. तुज्या ग्रामपंचायतीला चूल हाय का?”

मी म्हटलं, वडापाव ठेवले होते की.

“त्ये गिऱ्हाइकाला देत्यात,” आबा म्हणाले.

 त्यांचं म्हणणं मला कळलं. ज्या कामाला घर नाही, दारात येऊन बोलावणारं माणूस नाही, ते काम गावाला वेठीसारखं वाटलं. सरकारी काम सरकारनं करावं, आपल्याला फुकट का राबवता, असं. आणि हे कुणी मला तोंडावर सांगितलंही नसतं. आम्ही ज्या रीतीत वाढलो, तीच आम्ही फुलं लावून बिघडवून ठेवली होती.

मागून ताईचा आवाज आला. “चूल माज्याकडं हाय, आबा.”

आबांनी पहिल्यांदा मान वर केली. तिच्याकडे बघितलं.  सुतळीचा गुंडा उचलला, टोपी डोक्यावर नीट केली आणि आत निघून गेले.

आम्ही दोघी पुढे निघालो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. गाव आणि वस्ती यांच्यात भांडण नाही. एकमेकांच्या लग्नाला जाणं-येणं आहे, चहापाणी आहे. पोरं कारखान्याच्या कँटीनमध्ये एका ताटात जेवतात. पण वस्तीत पंगत आहे आणि गावातली वडीलधारी माणसं तिथे पानावर बसली आहेत, हे मी या गावात सून म्हणून आल्यापासून पाहिलेलं नव्हतं. नाही कुणीच म्हणत नाही. फक्त प्रत्येकाला नेमकं जेवायच्या वेळी काहीतरी काम निघतं.

मी ताईला म्हटलं, स्वयंपाक माझ्या घरी करू, माझ्याकडे इर्जिक आहे म्हणून मीच बोलावते. मला वाटलं, मी मोठी सोय केली.

“मग ती तुमची इर्जिक झाली, वयनी,” ती म्हणाली. “लेक माजी हाय.” आणि चार पावलं गेल्यावर विचारलं, “माज्या हातचं खातील का?”

“ठाऊक न्हाई,” मी म्हटलं. खोटं बोलले असते तर तिनं ओळखलं असतं.

शुक्रवारी ती शनिवारच्या इर्जिकीचं बोलावणं घेऊन दारोदार गेली. मी बरोबर यायचं नाही, हे तिनंच बजावलं होतं. मी आले की लोक सरपंचाला हो म्हणतील, तिला नाही. म्हणून मी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसून रहिवासी दाखल्यांवर सह्या करत राहिले. दोन भाऊ बांधावरच्या आंब्याचं भांडण घेऊन आले. झाड एकाच्या हद्दीत आणि सावली दुसऱ्याच्या, असा काहीतरी वाद होता. मी सांगितलं, आंबे उतरवा आणि निम्मे निम्मे करा, सावली मी नंतर वाटून देते. माझं सगळं लक्ष खिडकीकडे होतं. रस्त्याच्या या दारातून त्या दारात जाणारा तिचा हिरवा पदर मध्येच दिसायचा आणि दिसेनासा व्हायचा.

दुपारी ती आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि बाकावर टेकली. सगळे काय म्हणाले, मी विचारलं. सगळे ‘बघू’ म्हणाले होते. आमच्या गावात हो आणि नाही यांच्यामधली सगळी जागा ‘बघू’नं व्यापलेली आहे, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. फक्त आबांनी बघू म्हटलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, जेवायला काय करणार आहेस?

तिच्या मनात मटण होतं. इर्जिकीला मटण-भाकरी म्हणजे मान. पण आबांच्या गळ्यातली माळ दिसली आणि तिनं उभ्या उभ्या बेत बदलला. डाळ-भात, वांग्याची भाजी, गुळाची लापशी. “माळेचं निमित्त कुनाला मिळाया नको,” ती मला म्हणाली आणि हसली. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी सरपंचपदाला तूच उभी राहा.

शनिवारी सकाळी मी ओढ्यावर गेले ती मनाची तयारी करूनच. गुरुवारचाच प्रकार झाला तर कुणाला काय बोलायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. ते सगळं वाया गेलं. आधी बायका आल्या, डोक्यावर घमेली घेऊन. मग दुसऱ्या पाळीची पोरं आली, कामावर जायच्या आधी हात लावायला. मग पहारी, दोरखंड आणि पाठोपाठ म्हातारी माणसं. आंब्याच्या भांडणातले दोघे भाऊही आले, एकमेकांशी न बोलता, पण गर्डरचं एकच टोक धरायला. आबा एका दगडावर बसून सगळ्यांना सूचना देऊ लागले. त्या बहुतेक चुकीच्या होत्या, आणि वेल्डर व्हय आबा, व्हय आबा म्हणत आपल्याला हवं तसंच करत होता.

पहिला गर्डर खांबांवर बसला तेव्हा ओढ्याच्या दोन्ही काठांवरून एकच आवाज उठला.  सांगायला लाज कसली, मी पाठ फिरवून डोळे पुसले.

पत्रे बसले, कठडा जोडला, तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. कुणीतरी नारळ आणला होता. गावात नारळ फोडल्याशिवाय काही सुरू होत नाही आणि संपत नाही, वस्तीतली माणसं ते करत नाहीत. तेव्हा फोडायचा की नाही, फोडायचा तर कुणी, अशी कुजबुज सुरू झाली. मी पुढे व्हायच्या आत ताईनं हात पुढे केला. म्हणाली, द्या हिकडं, लापशीत किसून घालते. नारळ गेला आणि कुजबुजही गेली.

मग खरी वेळ आली. विहारापुढच्या अंगणात पत्रावळ्या मांडल्या होत्या. वस्तीतल्या बायका भांडी घेऊन उभ्या होत्या, लेक दारात चौकटीला टेकून उभी होती, आणि ताई हातात पळी घेऊन सगळ्यांकडे बघत होती. गावातल्या माणसांनी ओढ्यावर हातपाय धुतले. आणि काम निघायला लागलं. एकाला डेअरीत दूध घालायचं आठवलं. एकाकडे पाहुणे यायचे होते. एकाचा तर उपास निघाला, शनिवारचा, जो मी त्याला कधी धरताना पाहिला नव्हता. एक गाडी सुरू झाली, मग दुसरी.  ताईच्या हातातली पळी हळूहळू खाली आली.

मी तोंड उघडलं होतं. दोन दिवस साठवलेलं सगळं बाहेर पडलं असतं आणि मग पुढची दहा वर्षं कुणी त्या अंगणात आलं नसतं.

त्याआधी आबा काठी टेकत अंगणात शिरले. चपला काढल्या, एका बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि पहिल्या पत्रावळीपुढे मांडी घातली. बसायला त्यांना वेळ लागला. मग मागे न बघता मोठ्यानं म्हणाले, “इर्जिकीचं जेवल्याबिगर जो गेला, त्याचं काम येठीत गेलं. म्या येठीला आलो न्हवतो.” आणि ताईकडे बघून म्हणाले, “वाढ, पोरी. भात निवतोय.”

ती वाढायला वाकली. लापशी पत्रावळीबाहेर सांडेपर्यंत तिनं वाढली आणि आबांनी पुरे म्हटलं नाही. आधी एक गाडी बंद झाली, मग दुसरी. माणसं येऊन बसायला लागली. उपासवाल्यानं दोनदा भात घेतला. सगळेच बसले असं मी म्हणणार नाही. काही जण निघून गेले. ते कोण, हे मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही, कारण पुढच्या इर्जिकीला त्यांनाही बोलवायचं आहे.

रविवारी इंदुरीहून व्याही-विहीण आले. विहीणबाई साकवाच्या या टोकाला थांबल्या. एक पाय पुढे टाकून त्यांनी पत्र्यावर जोरात आपटून बघितला. मग मधोमध जाऊन कठडा हलवून पाहिला. तो हलला नाही. पलीकडे सून उभी होती. त्यांनी विचारलं, हे कधी झालं, कुणी केलं, पंचायतीनं?

“गावानं,” ताई म्हणाली. “माज्याकडं इर्जिक व्हती.”

विहीणबाईंनी सुनेचे कपडे न्यायला रिकामी पिशवी आणली होती. संध्याकाळी त्या पिशवीतून लापशीचा डबा इंदुरीला गेला आणि लेक माहेरी राहिली.

पुढे आषाढात, आवण्या चालू असताना, एका सकाळी मी वस्तीतल्या नळाचं काम बघायला गेले होते. पावसात डोक्यावर इरलं घेऊन आबा साकवावरून येताना दिसले. ते थेट ताईच्या दारात गेले आणि म्हणाले, “उंद्या माज्याकडं इर्जिक हाय. हात लावायला ये, जेवायला ये.”

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. लेक दोन दिवसांपूर्वीच बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. घर सोडून आवणीला जाणं तिला शक्य नव्हतं. तिनं तसं सांगितलं. आबांनी डोक्यावरचं इरलं जरा मागे सारलं. इर्जिकीत असं बसत नाही, काम केल्याशिवाय जेवण नाही. मग म्हणाले, जेवण इकडे पाठवतो, काम तुझ्या अंगावर राहिलं, ध्यानात ठेव. आणि परत फिरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची सून डोक्यावर झाकलेली पाटी घेऊन वस्तीकडे निघालेली मला साकवावर भेटली. मी पाटीवरचं फडकं जरा उचलून पाहिलं. भात होता, आमटी होती, भाकऱ्या होत्या, आणि एका वेगळ्या वाडग्यात शेपूची भाजी.

“आबांनी बाळंतिनीसाठी निराळी कराया लावलीया,” ती म्हणाली. “बिनतिखटाची.”